चौथी ओळ

नवे बटाटे आणि शेपू असले की यौको हाका न मारता जेवायला येतो. त्या शुक्रवारी तीनदा हाक मारली तरी उठला नाही. जेवणाच्या टेबलावर जुना अमिगा संगणक उघडून तो डाग देत बसला होता, आणि सगळ्या घरात राळ जळाल्याचा वास भरला होता.

"अरे, तिथं माणसं जेवतात," मी म्हटलं.

"जेवणारा मीच ना? मग मला चालतंय."

या माणसाशी लग्न करून मला तीसेक वर्षं झाली. हात टेकलेत मी केव्हाच.

पण खरं सांगू? मला बरं वाटत होतं. गेली दोन वर्षं, म्हणजे गळ्यातली गाठ काढल्यापासून, यौको गप्पगप्पच झाला होता. आवाज फाटला होता त्याचा. बोलण्याआधी सारखा घसा खाकरायचा, मग तेही नको म्हणून बोलायचाच नाही. लिफ्टच्या कंपनीत जायचा, यायचा, झोपायचा. आणि आता चष्मा कपाळावर चढवून पोरासारखा बसलेला. याचं श्रेय पेनाला.

पेना म्हणजे पेन्टी. आमच्या 'रौता' गटातला चौथा. रौता म्हणजे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते ना, ती गोठण. नव्वदच्या सुमाराला आम्ही चार पोरं डेमो बनवायचो. एका फ्लॉपीत मावेल एवढ्याशा जागेत हलती चित्रं आणि संगीत कोंबायचं, नि उन्हाळ्यात मोठ्या सभागृहात पडद्यावर दाखवायचं. विकायचं काही नाही. लोकांनी शिट्ट्या मारल्या की वर्षभर छाती फुगलेली. यौको प्रोग्रॅम लिहायचा, मी ठिपक्या-ठिपक्याने चित्रं काढायची, माझा भाऊ तार्मो संगीत करायचा. पेनाला यातलं काहीच येत नव्हतं, पण देशोदेशीच्या गटांना टपालाने फ्लॉप्या पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. तिकिटावर पातळ गोंद फासून पाठवायचा. समोरच्याने ते ओल्या बोटाने पुसलं की टपालाचा शिक्का निघून जायचा आणि तेच तिकीट परत वापरता यायचं. चोरटा धंदा, पण सगळेच करायचे.

तार्मो एकोणीस वर्षांचा असताना गेला. आमच्या याच उन्हाळी घराच्या लाकडी धक्क्यावरून, साउनात वाफ घेतल्यावर, तळ्यात. हे कोन्नेवेसी तळं खोल आहे. तो सापडला नाही. त्याच्याबरोबर रौताही संपलं.

आणि तीस वर्षांनी, त्या सकाळी, पेना पाकीट घेऊन आला होता. त्याची आई वारली, घर रिकामं करताना हे पाकीट मिळालं म्हणे. आत एक फ्लॉपी. वर तार्मोच्या अक्षरात एवढंच: रौतासाठी, शेवटचं.

"आईनं ठेवून दिलं असणार कुठंतरी," पेना म्हणाला. "मला सांगायला विसरली. म्हातारी माझं जेवायचं ताटसुद्धा विसरायची."

"शिक्का कधीचा आहे बघू," मी पाकीट हातात घेतलं. तिकिटाची जागा कोरी होती.

पेना ओशाळला. "अगं, सवय! पाकीट हातात आलं, बोट ओलं केलं, पुसलं. शिक्का गेला तेव्हा लक्षात आलं. मग तिकीटही सोडवलं." त्याने खिशातून एक फुलाचं तिकीट काढून दाखवलं, स्वच्छ, कोरं. "हात आपोआप चालतो बघ."

"कपाळ तुझं!" मी म्हटलं आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो. या घरात आम्ही तिघं मिळून हसल्याचं ते शेवटचं.

यौकोचं ठरलंच होतं. तार्मोच्या गाण्यावर डेमो पुरा करायचा आणि ऑगस्टमध्ये हेलसिंकीत दाखवायचा. मी चित्रं काढायची. माझं आता दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्यांना रंग द्यायचं काम, पण हात बसलेला असतो.

जेवणं झाल्यावर यंत्र सुरू झालं. पडद्यावर चार उभ्या ओळी आल्या. ते संगीत असंच लिहायचे: चार ओळी, प्रत्येकीत आकडे, आणि आकडे खालून वर सरकत जातात तसतसा एकेक आवाज वाजतो. एक पान संपलं की पुढचं. पहिल्या तीन ओळींत गाणं होतं, आणि काय गाणं! तार्मोच समोर बसलाय असं वाटलं. यौकोचे डोळे भरले. मी दुसरीकडे बघितलं, कारण तो रडला की मलाही आवरत नाही.

चौथी ओळ बराच वेळ रिकामी होती. मग तिच्यात मधूनमधून आवाज येऊ लागले. लाकडी बादलीच्या काठावर ओगराळं आपटल्याचा. दार करकरल्याचा. फळ्यांवर अनवाणी पावलं.

"साउना!" यौको ओरडला. "लेकाचा साउना वाजवतोय!"

यात नवल नव्हतं. तार्मो टेप घेऊन घरभर फिरायचा. आईच्या पातेल्याचं झाकण त्याच्या निम्म्या गाण्यांत आहे. पण ते दार ऐकून मला कसंतरी झालं, आणि का ते कळेना. यौकोने गाणं पुन्हा लावलं. करकर, मध्येच एक अडखळ, मग पुन्हा करकर.

मी उठले, अंगण ओलांडून साउनापाशी गेले आणि दार उघडलं. करकर, अडखळ, करकर.

ते दार मी बसवलंय. जुना साउना आम्ही पाडला, तो तार्मो गेल्यावर कितीतरी वर्षांनी. नव्याचं दार मी स्वतः बिजागरीवर चढवलं आणि ते जरा तिरकं बसलं. तेव्हापासून ते खालच्या फळीला अडखळतं. यौकोने त्यावरून मला किती चिडवलंय.

परत आले. सांगितलं तर यौको हसला.

"दारासारखं दार असतं, मार्युत. सगळी दारं करकरतात."

"अडखळतात पण?"

"तुझ्यासारखा सुतार मिळाला की अडखळतात."

पेना मात्र हसला नाही. त्याने कपाट उघडलं, बंद केलं, उगाच कॉफी ओतून घेतली. मग म्हणाला, "पुढंपण आहे काही. पावलांनंतर."

यौकोने पुढचं पान लावलं.

पावलं थांबली. कुणीतरी घसा खाकरला. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "नो नीन."

आमच्याकडे हा एक शब्द सगळीकडे चालतो. काम सुरू करताना नो नीन, काम संपलं की नो नीन, पाहुणा उठत नसेल तरी नो नीन. सुरावरून काय ते समजायचं. या सुरावरून काहीच समजत नव्हतं. सुरू करतोय की संपवतोय?

मग पाण्यात मोठ्याने काहीतरी पडल्याचा आवाज. बराच वेळ काही नाही. आणि पान संपता संपता पुन्हा एकदा पाणी वाजलं, पहिल्यापेक्षा हलकं.

"प्रतिध्वनी असेल," पेना म्हणाला.

मी यौकोकडे बघत होते. तो आपल्या गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवत होता. तो आवाज त्याचा होता. एकोणीस-वीस वर्षांच्या यौकोचा नव्हे, त्याचा आवाज तर घंटेसारखा होता. हा फाटका, ऑपरेशननंतरचा. गेल्या दोन वर्षांतला.

"बंद कर," मी म्हटलं. "यौको, बंद कर ते!"

त्याने बंद केलं. बाहेर लख्ख ऊन होतं, डास भिंतीवर बसले होते, आणि तळ्यात कुइक्का ओरडत होता. कुइक्का म्हणजे तो पाणबुड्या पक्षी. तार्मोने डेमोवर घालायला टोपणनाव म्हणून हेच घेतलं होतं.

"पेना," मी म्हटलं, "पाकीट नक्की कुठं मिळालं?"

पेनाने कप खाली ठेवला. "आईच्या घरासमोर, रस्त्यावरच्या टपालाच्या डब्यात. जाहिरातींच्या कागदांखाली."

"आणि तू म्हणालास आईनं ठेवलं."

"मग काय म्हणू? तीस वर्षांपूर्वीचं टपाल या आठवड्यात आलं म्हणू?" त्याचा आवाज चढला. "म्हणून तर शिक्का बघायला हवा होता, आणि तो मीच, या बोटांनी..." त्याने बोटं पँटला पुसली.

रात्रभर कुणाला झोप नव्हती. उजाडायचं असं काही नसतंच जुलैत, उजेड नुसता फिका होतो आणि पुन्हा भरतो. सकाळी मी निकाल देऊन टाकला. फ्लॉपी चुलीत जाणार आणि आपण शहरातल्या घरी जाणार.

"शनिवार आहे," यौको म्हणाला.

"म्हणजे?"

"शनिवारी साउना असतो, मार्युत."

"डोकं फिरलंय का तुझं? त्या धक्क्यावर तुला पाय ठेवू देणार नाही मी."

"नाही ठेवत. वाफ घेतो, सरळ घरात येतो. शपथ." मग घसा खाकरून म्हणाला, "तू घाबरलीयेस ते कळतंय मला. पण एका फ्लॉपीला घाबरून साउना सोडला, तर उद्या दात घासायलाही घाबरशील."

मी भांडायला हवं होतं का? भांडलेच की. तासभर भांडले. शेवटी तडजोड झाली: फ्लॉपी जाळायची, गाणं आजपासून वाजवायचं नाही, आणि तो तळ्याच्या बाजूला फिरकणार नाही. मला माझा नवरा हवा होता, बाकी मला काही नको होतं. त्याचा टॉवेल मी मुद्दाम घराच्या बाजूच्या खिळ्याला अडकवला, म्हणजे बाहेर आला की याच बाजूला वळेल.

चारच्या सुमाराला यौको साउनात गेला. मी ओट्याशी मासे साफ करत होते आणि खिडकीतून साउनाचं दार दिसत होतं. त्या दारावरची नजर मी हलवली नाही.

आणि बादलीच्या काठावर ओगराळं आपटलं.

बाहेरून आवाज आला, साउनातून. त्यात काय विशेष? आत माणूस आहे, वाफेसाठी पाणी टाकतोय. पण मी वळून बघितलं. पेना टेबलाशी बसला होता, आणि त्याच्यासमोर पडद्यावर आकडे वर सरकत होते.

"पेना!"

"अगं, आवाज पूर्ण बंद आहे," तो गडबडीने म्हणाला. "जाळायच्या आधी एकच नक्कल काढलीय, ती शेवटपर्यंत उतरली का तेवढं बघतोय. तार्मोचं शेवटचं गाणं आहे ते! तुला ऐकूसुद्धा येणार नाही."

स्पीकर खरंच मुका होता. पडद्यावर चौथ्या ओळीत एक आकडा वर आला, आणि अंगणापलीकडे दार करकरलं, अडखळलं, करकरलं.

मी खिडकीकडे धावले. दार उघडं होतं. टॉवेल खिळ्यावर तसाच होता. यौको दिसला नाही.

मग धक्क्याच्या फळ्यांवर पावलं वाजली.

पेनाचा हात बटणाकडे गेला आणि मी तो झटकून दिला. का? मला अजून सांगता येत नाही. बंद केलं आणि तो तिथंच संपला तर, असं काहीसं मनात आलं. गाणं पुढे जाता कामा नये आणि गाणं थांबताही कामा नये, एवढंच कळत होतं.

तार्मोच्या शेजारी बसून एक गोष्ट मी शिकले होते. कुठल्याही आकड्यापुढे एक अक्षर आणि मागच्या पानाचा क्रमांक लिहिला की गाणं तिथून मागे फिरतं. सभागृहातली माणसं पांगेपर्यंत डेमो चालू राहावा, म्हणून ते सगळेच असं करायचे. चौथ्या ओळीकडे मी आदल्या दिवशी इतकं बघितलं होतं की ती मला पाठ झाली होती. घसा खाकरण्याच्या आकड्याच्या जरा आधी मी ते अक्षर आणि ओगराळ्याच्या पानाचा क्रमांक टाकला. माशाचे खवले लागलेल्या बोटांनी.

पान मागे फिरलं.

मी धावत सुटले. धक्क्यावर ओली पावलं उमटली होती, साउनापासून धक्क्याच्या टोकाच्या जरा अलीकडेपर्यंत. तिथं संपत होती. पाणी ताटासारखं सपाट होतं. एक तरंग नाही.

"यौको!" मी ओरडले.

माझ्या मागे, रिकाम्या साउनात, बादलीच्या काठावर ओगराळं आपटलं.

दार करकरलं. माझ्या डोळ्यांसमोर ते हललं, अडखळलं, उघडलं. मग फळ्या दबू लागल्या. एकेक फळी, माझ्याकडे येताना. साउनातल्या ओल्या बर्चच्या पानांचा वास आला, गरम अंगाची धग आली. माझ्या शेजारून गेली. टोकाच्या जरा अलीकडे थांबली.

आणि पुन्हा ओगराळं.

पेना घराच्या दारात उभा राहून रडत होता.

पोलीस आले, पाणबुडे आले, चार दिवस तळं ढवळलं. काही मिळालं नाही. धक्क्यावर उभा राहून एक तरुण पोलीस माझा जबाब घेत होता, तेवढ्यात दार करकरलं.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

"माझा नवरा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे फार मायेनं बघितलं. मग त्याच्या बुटाखालची फळी दबली. त्याने पाय उचलला आणि त्यानंतर तो किनाऱ्यावरूनच बोलला.

आता सप्टेंबर संपत आलाय. मी शहरात परत गेले नाही. यंत्र टेबलावर चालू आहे, मुकं, आणि आकडे वर सरकतात, मागे फिरतात, पुन्हा सरकतात. मी त्याला हात लावत नाही. त्यावरची धूळसुद्धा पुसत नाही. पेना दर रविवारी पाव आणि कॉफी घेऊन येतो, पण साउनाच्या बाजूने येत नाही, लांबून वळसा घालतो. साउना मी रोज तापवते. उघड्या अंगाने थंडीत किती फेऱ्या मारेल तो? धक्क्यावर खुर्ची टाकून बसते आणि तो शेजारून जाताना त्याला काहीबाही सांगते. बटाटे खणून झाले. लाकडाची गाडी आली. कधी शिव्याही घालते, म्हणते टॉवेल घे ना रे मेल्या. भीती गेली असं नाही. दर वेळी दार वाजलं की मी दचकते. पण दार वाजलं नाही तर काय, याची भीती त्याहून मोठी आहे.

परवा फोनवर निरोप आला. वीज कंपनीचा. तारांवर आलेली झाडं तोडायची आहेत, गुरुवारी दिवसा काही वेळ पुरवठा बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी फोन केला, रडले, काय काय सांगितलं. बाई नम्र होती. म्हणाली, फ्रीज उघडू नका, म्हणजे काही खराब होणार नाही.

पेना जनरेटर घेऊन आला. दोघं टेबलाशी उभे राहिलो. जनरेटरला जोडायचं म्हणजे आधी भिंतीतला प्लग काढायला हवा. एक क्षणच, पण काढायला हवा.

"काय करायचं, सांग," पेना म्हणाला.

"तू घरी जा," मी म्हटलं.

मी विचार केलाय. गाणं थांबलं की एक तर काहीच होणार नाही, नाहीतर अडवून धरलेलं ते पान पुढे जाईल. पुढे गेलं तर तो खाकरेल, नो नीन म्हणेल, आणि पडेल. तेवढ्यात त्याला धरायला तिथं कुणी असलं पाहिजे. मला पोहता येतं, यौकोपेक्षा चांगलं येतं.

आज गुरुवार. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी रेडिओ मोठ्याने लावून ठेवलाय, म्हणजे वीज गेल्याचं इथवर कळेल. खुर्ची धक्क्याच्या अगदी टोकाला आणलीय. रेडिओवर मासेमारीचं हवामान सांगताहेत. मागे ओगराळं वाजलं. दार वाजलं. पावलं निघाली, नेहमीसारखी, सावकाश. फळ्या दबताहेत. धग जवळ आली.

पेना म्हणाला होता, पाण्यात पडल्याचा तो दुसरा, हलका आवाज प्रतिध्वनी असेल. मी तेव्हा काही बोलले नव्हते. उघड्या तळ्यावर कसला प्रतिध्वनी?

रेडिओ बंद पडला.

माझ्या कानाशी कुणीतरी घसा खाकरला. मी बूट काढले आणि खुर्चीखाली नीट जोडून ठेवले.